प्रश्न विचारणाऱ्याचं मन

व्याख्यानाचा जाहीर विषय होता ‘गुन्हेतपास आणि मानसशास्त्र’. वक्त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच तो आपल्या बाजूला ओढून घेतला. आरोपीच्या मनात डोकावण्याची हौस पुरे झाली, मानसशास्त्रज्ञाला आधी तपास अधिकाऱ्याशेजारी बसवा आणि प्रश्न कसे विचारले जातात ते ऐकू द्या, हा त्यांचा जुना हेका. पुढच्या रांगेतल्या दोन निवृत्त फौजदारांनी हाताची घडी घातली.

दाखला विलायतेचा होता. जुलै १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉमन या माळावर एका तरुणीचा तिच्या चिमुकल्या मुलादेखत खून झाला. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्रिटन यांनी खुन्याचा स्वभाव कसा असेल, याचा आराखडा करून दिला. माळावर कुत्रा फिरवायला येणारा एक एकलकोंडा तरुण त्यात बसतो, असं पोलिसांना वाटलं. मग ब्रिटन यांच्याच सल्ल्याने एक महिला अधिकारी खोट्या नावाने त्याला पत्रं लिहू लागली, भेटू लागली. आपल्याला हिंसक पुरुष आवडतात असं सुचवत तिने कित्येक महिने त्याला बोलतं ठेवलं. तो तिला खूश करायला वाटेल ते लिही, पण खुनाची कबुली त्याने एकदाही दिली नाही. तरी वर्षभराहून अधिक काळ तो तुरुंगात राहिला. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती ऑग्नॉल यांनी हा सगळा पुरावा बाजूला सारला आणि खटला कोसळला.

वक्ते इथे आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘खरा खुनी तेव्हा बाहेर होता.’’ नोव्हेंबर १९९३ मध्ये रॉबर्ट नॅपरने लंडनमध्येच आणखी एका आईला आणि तिच्या मुलीला मारलं. विम्बल्डनचा गुन्हा त्याने कबूल केला तो २००८ मध्ये, डीएनएने गाठल्यावर. निर्दोष तरुणाला भरपाई मिळाली ७,०६,००० पौंड.

सुचवणाऱ्या प्रश्नांनी साक्षीदाराची आठवणच कशी बदलते, यावरचे एलिझाबेथ लॉफ्टस यांचे १९७४ चे प्रयोग ‘आपल्याला ठाऊकच आहेत’ म्हणून त्यांनी ओलांडले. सभागृहाने नम्रपणे मान डोलावली.

तेवढ्यात मागून कोणीतरी रामन राघवचं नाव घेतलं आणि घड्याळ हरलं. १९६८ मध्ये मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी ठेचणारा हा माणूस पकडला गेला, पण तोंड उघडेना. काय हवं विचारल्यावर म्हणाला, कोंबडी. ती खाऊन झाल्यावर तेल, कंगवा, आरसा मागितला, भांग पाडला आणि मग बोलला. ‘‘आमच्या वेळी एवढं बजेट नव्हतं,’’ एक निवृत्त फौजदार उद्गारले, हशा थांबेना. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला पुन्हापुन्हा भेटून ऐकून घेतलं. ‘कानून’चं एक निराळंच जग त्याच्या डोक्यात नांदत होतं. निदान निघालं पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, आणि अखेर फाशीची जन्मठेप झाली. एवढ्या भरात, कबुली मिळाली म्हणजे तपास संपला असं नव्हे, हा वक्त्यांचा मूळ मुद्दा निम्म्या सभागृहाला ऐकूच आला नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली. उरलं ते धावतपळत. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खुनाच्या निकालात मेंदूच्या विद्युत्-चाचणीचा आधार घेतला होता, हे ऐकून लोक सावरून बसले. संमतीविना नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूचाचणी घटनाबाह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी’ खटल्यात २०१० मध्ये ठरवलं. पुढच्या रांगेतली हाताची घडी अजून सुटली नव्हती. ‘‘मी पोलिसांच्या विरोधात नाही हो,’’ वक्ते त्या रांगेकडे पाहत म्हणाले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पोलीस ठाण्यांत आवाज टिपणारे कॅमेरे लावायला सांगितले आहेत. ते ध्वनिमुद्रण मानसशास्त्रज्ञाला ऐकू द्या, एवढीच त्यांची मागणी.

‘‘आधी कॅमेरे चालू तर राहू द्या!’’ पुढच्या रांगेतून आवाज आला. वक्ते उत्तराला वळले, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.