तापानंतर पाय लुळे पडतात तेव्हा

(आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय एक विरळ आजार आहे. दहा लाख लोकवस्तीत वर्षाकाठी मोजक्या माणसांना तो होतो. मग त्यावर भाषण कशाला, असे आपण विचाराल. कारण असे की, या आजारात पहिल्या एक-दोन दिवसांत रोग्याला कुठे न्यायचे हे घरचे लोक ठरवतात, आणि पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून असते.

या आजाराला ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात, म्हणजे मज्जारज्जूचा दाह. मज्जारज्जू ही पाठीच्या मणक्यांतून जाणारी करंगळीएवढी जाड दोरी. मेंदूचे हुकूम हातापायांना आणि हातापायांची जाणीव मेंदूला तिच्यातूनच पोहोचते. एका ठिकाणी तिला सूज आली की त्याखालचा सारा कारभार विस्कळीत होतो.

पुष्कळदा आधी सर्दी-ताप, कांजिण्या किंवा असाच एखादा विषाणूजन्य आजार होऊन गेलेला असतो. माणूस बरा होऊन कामालाही लागलेला असतो. मग पाठीत कळ येते, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, पायांना मुंग्या येतात, पाय बधिर व जड होतात आणि लघवी तुंबते. हे काही तासांत घडते किंवा दोन-तीन आठवडे वाढत जाते. विषाणूशी लढायला उठलेली शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी इंजेक्शने वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि त्या मेंदूच्या अंशामुळे क्वचित कोणाला असाच लकवा होई. भारतात 2004 च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आजची रेबीजची लस वेगळ्या पद्धतीने बनते आणि ती सुरक्षित आहे. तेव्हा जुन्या भीतीने कोणी ती टाळू नये.

आता घरी काय होते ते पाहा. कोणी म्हणतो वारे गेले, कोणी म्हणतो बाहेरची बाधा. हाडवैद्य आणून मालिश होते, अंगारे-धुपारे होतात. बधिर पायांना गरम पिशवीचा शेक दिला जातो. रोग्याला चटका कळत नाही आणि कातडी भाजून निघते. यात मोलाचे दिवस जातात.

म्हणून एवढेच ध्यानात ठेवा : पायांतली शक्ती जाऊ लागली आणि लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तेथे एमआरआय काढतात. मणक्याचा क्षय, गाठ किंवा सरकलेली गादी रज्जूवर दाब देत असेल तर उपचार निराळे असतात, कधी तातडीने शस्त्रक्रियाही लागते. दाहच असेल तर साधारणतः तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. त्याने भागले नाही तर रक्तातील प्लाझ्मा बदलतात. रोगी पंधरा वर्षांखालील असेल तर आरोग्य कर्मचारी शौचाचे नमुने मागतील. ते जरूर द्या. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला, तरी ही पाळत चालूच आहे.

ढोबळमानाने एक तृतीयांश रोगी चांगले सावरतात, एक तृतीयांश काही उणीव घेऊन चालू लागतात आणि उरलेल्यांना मोठे अपंगत्व येते. सुधारणा दोन वर्षांपर्यंतही होत राहते, म्हणून व्यायामोपचार सोडू नयेत. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीच्या नळीची स्वच्छता घरच्यांनी शिकून घ्यावी. हा आजार संसर्गजन्य नाही. रोग्याचे ताट-वाटी वेगळी करू नये.

शेवटी हक्काची गोष्ट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार शासकीय आस्थापनेला, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा.

आपल्या वस्तीत असा कोणी आढळला तर रात्र असो वा दिवस, गाडीची सोय करून त्याला रुग्णालयात पोहोचवा.