आठवं वर्ष आणि उसाचा हंगाम



आपल्या बीड जिल्ह्यात मागे पडलेल्या मुलाबद्दल कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं : आई-बाप ऊसतोडीला जातात, पोराची शाळा बुडते. हे उत्तर खोटं नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की मगच परततात. पण हे उत्तर इतकं तयार असतं की त्याच्या आड एक मूल दिसेनासंच होतं. त्याचा भाऊही फडावर होता, त्याचीही तेवढीच शाळा बुडाली. तरी गावी आल्यावर तो भाऊ थोड्या दिवसांत वाचायला लागतो. हा मात्र चौथीत आला तरी ‘घन’ आणि ‘धन’ यांत अडखळतो. बोलण्यात हुशार, तोंडी हिशेबात पक्का, अक्षर मात्र त्याच्या हाती लागत नाही. आज मी बोलणार आहे ते या मुलाबद्दल.

१९९५ च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत या मुलाला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत या मुलाची अडचण, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता, आली. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की पहिली चाचपणी वर्गशिक्षकांनी करायची, तिसरीत किंवा आठव्या वर्षी. पुढे तज्ज्ञांकडून तपासणी, मग प्रमाणपत्र. राज्य मंडळ दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनदोष ओळखण्याच्या चाचण्या मराठीतही तयार केल्या आहेत. कागदावर वाट आहे. पण आठ वर्षांचं ते पोर चाचपणीच्या दिवशी कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसलेलं असेल, तर ती वाट त्याच्यापर्यंत पोचत नाही.

न शिकवलेलं मूल आणि शिकवूनही अक्षर न लागणारं मूल यांतला फरक विशेष शिक्षक कसा ओळखतो, हे मी जरा सविस्तर सांगते, कारण सभागृहात जिल्हा परिषद शाळांतले बाई-गुरुजी आज मोठ्या संख्येने आहेत. अक्षर न लागणारी मुलं ऐकून ऐकून धडा पाठ करतात. मूल घडाघडा म्हणत असतं, बोट मात्र भलत्याच ओळीवर असतं. म्हणून त्याच्यापुढे अर्थ नसलेला शब्द ठेवायचा : ‘टिमळ’, ‘गुदाक’. पाठांतराचा आधार सुटला की खरं वाचन कळतं. मग नेमकं कुठं अडतं ते पाहायचं. घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत होते का? पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. तिथे मूल ‘दिवा’चं काय करतं? ‘सूर्य’मधला रफार त्याला कोणत्या अक्षरावर दिसतो? अशा एकेका नोंदीवरून त्या एका मुलाचा वैयक्तिक आराखडा तयार होतो. वाळूत बोट फिरवत, तोंडाने मोठ्याने म्हणत, खरखरीत कागदाचं अक्षर हाताने चाचपत एक-एक मात्रा पक्की करायची. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लावणं हे या शिक्षणाचं मर्म आहे. त्याला महागडं साहित्य लागत नाही, वेळ लागतो.

गणिताचंही तसंच. पंचवीस म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. मूल ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर टीका झाली. माझ्या मते ती पद्धत आपल्या मुलांसाठी मोठी सोय होती, आणि विशेष वर्गात ती आपण निःसंकोच वापरावी.

 

आता एक अप्रिय गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळा अंध, कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षम मुलांसाठी निघाल्या. त्यांचं काम मोठं आहे. मुंबईच्या जय वकील शाळेने १९४४ पासून आणि पुण्याच्या कामायनीने १९६४ पासून महाराष्ट्राला हे शिक्षण दाखवलं. पण अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी शाबूत असते. त्याला बौद्धिक अक्षम मुलांच्या वर्गात बसवणं हा अन्याय आहे, आणि त्याला साध्या वर्गात शेवटच्या बाकावर विसरून जाणं हाही अन्यायच. त्याची जागा गावच्या शाळेत आहे. त्या शाळेपर्यंत विशेष शिक्षकाने गेलं पाहिजे. प्रत्येक विशेष शाळेने आसपासच्या चार-सहा शाळांना आठवड्यातला एक दिवस द्यावा. आणि प्रमाणपत्राची वाट पाहत थांबू नये. सवलतीला कागद लागतो, शिकवायला लागत नाही.

पालकांशी बोलताना जपावं. उचल घेतलेल्या बापाला ‘याला थांबवा’ एवढं सांगून भागत नाही. पोर कुणाकडे ठेवायचं हा त्याचा प्रश्न असतो. हंगामी वसतिगृहात आजीच्या भरवशावर राहिलेल्या मुलाची आजी हीच आपली पालक. तिलाच बोलवा. वाळूचं ताट तिला दाखवा, तिला लिहिता येत नसलं तरी चालेल. नातवाचं बोट फिरतंय का आणि तोंडाने आवाज निघतोय का, एवढं तिला नक्की पाहता येतं.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येणार आहे. त्यात माझ्या दोन सूचना घ्याव्यात. तपासणीची शिबिरं जून ते सप्टेंबर या काळातच, तालुक्याच्या ठिकाणी व्हावीत आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यासाठी मनुष्यबळ मागावं. दुसरी सूचना अशी की प्रत्येक मुलाच्या आराखड्याची एक वही त्याच्या आईच्या हाती द्यावी. कोणतं अक्षर पक्कं झालं, कोणतं बाकी आहे, कोणत्या पद्धतीने शिकवलं, हे वहीत सोप्या मराठीत लिहिलेलं असावं, म्हणजे कारखान्याच्या गावी ज्या शाळेत ते मूल जाऊन बसेल तिथल्या गुरुजींना ‘अ’पासून सुरुवात करावी लागणार नाही. वहीचा नमुना मी सोबत आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो पाहून त्यात काय हवं, काय नको ते मला सांगावं.