पाय हाडात बसवण्याआधी



विषय तुमच्यातल्याच काही जणांनी सुचवलाय. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस, कापलेल्या भागातून बाहेर आलेली धातूची दांडी, तिला तो पाऊल जोडतो आणि चालायला लागतो. आपल्या आकुर्डी-चिंचवड पट्ट्यात प्रेसवर किंवा हायवेवर पाय गमावलेला एखादा तरी प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. मग विचारणा होते, "वर्गणी काढू, दागिने मोडू, पण याला असा पाय बसेल का?" मी कृत्रिम पाय तयार करण्याच्या कामात आहे, म्हणून बोलतो.

आधी हे का हवंसं वाटतं ते समजून घ्या. नेहमीच्या कृत्रिम पायाचा जीव सॉकेटमध्ये असतो, म्हणजे उरलेला पाय ज्या कवचात घालायचा त्यात. मे महिन्यात आत घामाची धार लागते. वजन चार किलोंनी कमी-जास्त झालं की सॉकेट सैल होतं किंवा आवळतं आणि घासून फोड येतात. गुडघा दुमडला की सॉकेटची मागची कड मांडीखाली रुतते. जेवायला मांडी घालून बसताना, नमाजमध्ये कायद्यात बसताना हे फार जाणवतं. कित्येक जण शेवटी खुर्चीच धरतात.

दांडीच्या पायात सॉकेटच नाही, म्हणून ही कटकट नाही. याचं मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५२ मध्ये सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेचना, हाड तिच्याशी एकजीव झालं होतं. १९६५ मध्ये त्यांनी हे तंत्र माणसाच्या दातांसाठी वापरलं. आज चिंचवडमधला दंतवैद्य जो इम्प्लांट सांगतो, तो याच घराण्यातला. १९९० मध्ये मांडीतून पाय गेलेल्या रुग्णावर तेच तंत्र वापरलं गेलं. असा पाय वापरणारे सांगतात की जमीन हाडातून जाणवते, फरशी आणि माती यांतला फरक कळतो.

पण तुमचा प्रश्न गुडघ्याखालच्या पायाचा आहे. मांडीचं हाड लांब नळीसारखं, त्यात दांडी घट्ट बसते. नडगीचं हाड गुडघ्याजवळ रुंद आणि आतून स्पंजासारखं, आणि कापल्यावर उरतं तेही थोडंच. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२० मध्ये या जातीच्या एका इम्प्लांटला पूर्ण मंजुरी दिली, ती मांडीतून पाय गेलेल्यांसाठी. नडगीत दांडी बसवणारे सर्जन जगात आहेत, पण अनुभव तुलनेने कमी आहे.

दुसरी गोष्ट, दांडी जिथून बाहेर येते तिथली कातडी कधीच पूर्ण बंद होत नाही. रोज साबण-पाण्याने धुणं आलं, तेही जन्मभर. कातडीला जंतुसंसर्ग वारंवार होतो. बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतो. हाडात उतरला तर दांडी काढावी लागू शकते, आणि फार बिघडलं तर पाय आणखी वर कापावा लागतो. म्हणजे गुडघा जातो. आपला कामगार कुलंट, ग्रीस आणि बुरीमध्ये आठ तास उभा असतो, हे स्वीडनच्या व्हिडिओत दिसत नाही. साखर ताब्यात नसेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा विडी-सिगारेट सुटत नसेल, तर सर्जन बहुधा नकोच म्हणतात.

डॉ. मुंजेद अल मुदेरिस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सैन्यातून पळालेल्यांचे कान कापायला नकार देऊन ते इराकमधून निसटले, निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात पोहोचले आणि या शस्त्रक्रियेचे जगभर माहीत असलेले सर्जन झाले. धाडस मोठंच. पण २०२२ मध्ये त्यांच्या काही रुग्णांनी ऑपरेशननंतरच्या देखभालीबद्दल माध्यमांकडे तक्रारी केल्या. डॉक्टरांनी बदनामीचा दावा लावला; २०२५ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. एवढ्या श्रीमंत देशातही वाद झाला तो ऑपरेशननंतरच्या दिवसांवरून.

माझं मत स्पष्ट सांगतो. गुडघा शाबूत असलेला माणूस आमच्या धंद्यात नशीबवान समजला जातो. तो गुडघा पणाला लावण्याआधी सॉकेट नीट करून बघा. माझ्याकडे "पाय जमत नाही" म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण पाच-सात वर्षं जुनं सॉकेट फडकी कोंबून वापरत असतात! पुण्यात १९४४ पासूनचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांनाही पाय मिळतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जयपूर फूट तर १९६८ मध्ये उकिडवं बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच घडवला गेला. आणि पाय कामावर गेला असेल, कामगार ईएसआयच्या यादीत असेल, तर कृत्रिम पाय हा त्याचा हक्क आहे. कंत्राटी असला तरी. ठेकेदार हे आपणहून सांगत नाही, म्हणून तुम्ही कार्ड मागा.

चांगलं सॉकेट दोनदा-तीनदा करूनही जखमा थांबल्या नाहीत, तर दांडीचा विचार जरूर करा. मग सर्जनसमोर बसून विचारा: गुडघ्याखाली अशी किती ऑपरेशनं केलीत, त्यातल्या किती दांड्या काढाव्या लागल्या, सुटा भाग वाकला तर इथे मिळेल का, आणि चार वर्षांनी एका रात्री जखम सुजली, ताप चढला, तर आकुर्डीहून आम्ही फोन कोणाला करायचा?