वीज हवी, तिचा गोंगाट नको



भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचे एक मानाचे पान कल्याणात लिहिले गेले, हे आज किती कल्याणकरांना ठाऊक असेल? ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने भेट दिलेल्या ३२ छोट्या तबकड्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली येथे उभारल्या आणि सूर्याच्या रेडिओ लहरींचा वेध घेतला. पुढे याच द्रष्ट्या शास्त्रज्ञाने मुरबाड, माळशेज ओलांडून लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत.

तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी, संवेदनशील ग्राहकयंत्रे, संगणक या सर्वांना अखंड वीज हवी. वाऱ्याचा जोर वाढला की तबकडी आकाशाकडे तोंड करून स्थिर करावी लागते. ते कामही मोटारींचेच. परंतु हीच वीज दुर्बिणीची वैरीणही ठरते. वाहिनीचा ढिला सांधा किंवा तडकलेला इन्सुलेटर यांतून उडणारी ठिणगी रेडिओ लहरी फेकते आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली क्षीण हाक त्या गोंगाटात बुडते. म्हणून वीज नुसती असून भागत नाही, ती मूकही असावी लागते. यंत्रांना धातूचे कवच घालावे लागते, दोष असलेला खांब हुडकून दुरुस्त करावा लागतो.

डॉ. स्वरूप यांनी या प्रश्नाचा विचार आराखड्यातच केला होता. सलग पत्र्याऐवजी त्यांनी बारीक पोलादी तारांची जाळी वापरली. वारा जाळीतून निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि मोटारींवरील भारही घटला. विजेची गरजच कमी करणे, हे तिचे पहिले व्यवस्थापन!

कल्याणला तबकड्या देणाऱ्या त्याच संस्थेच्या मर्चिसन येथील निर्जन प्रदेशातील वेधशाळेत आज सौरऊर्जा, बॅटरी आणि डिझेल यांची सांगड घातलेली आहे. तेथेही वीजकेंद्राचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून त्याला कवच घालावे लागले.

अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा २०२३ साली जगापुढे आला, त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. त्या यशात खांबावर चढून सांधा घट्ट करणाऱ्या वायरमनचाही वाटा आहे. कळस सर्वांना दिसतो. तो पेलणारे पायाचे दगड मूकच असतात. राष्ट्राची उभारणीही अशाच मूक हातांनी होते.