डोक्यावरचा पट्टा



वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयास बसलेला शिक्षक आपण कधी न्याहाळून पाहिला आहे काय? मान पुढे कलंडलेली, खांदे कानांशी आलेले, भुवया आक्रसलेल्या आणि दात दातांवर घट्ट. वीस वर्षे मी प्रत्येक एप्रिल महिना याच आसनात काढला. दुपारी चारच्या सुमारास कपाळाभोवती कुणी चामड्याचा पट्टा आवळीत आहे, असे वाटू लागे. आई सुंठ उगाळून आणी. मला मात्र तेवढा धीर नसे. मी गोळी घेई. पुढे पुढे तर डोके दुखण्याआधीच, दुखेल या भीतीने घेऊ लागलो.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न केला, "मास्तर, महिन्यातून किती दिवस गोळी घेता?" मी मनाशी हिशेब केला, वीस दिवस तरी भरत होते. ते म्हणाले, "मग आता तुमचे डोके या गोळ्यांनीच दुखते आहे."

मला ती थट्टा वाटली. परंतु ती थट्टा नव्हती. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर तिच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. मिश्र औषधांच्या गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात. गोळी सोडली की पहिले काही दिवस दुखणे वाढते, आणि नेमका तेथेच मनुष्य पुन्हा डबीकडे वळतो. म्हणून हे सोडणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

पण मूळचा पट्टा कोठून आला? आपले मस्तक सुमारे पाच किलो वजनाचे आहे. ते खांद्यांच्या वर सरळ असेल तर मान त्याला सहज पेलते. वही किंवा मोबाइल पाहण्यासाठी ते पुढे झुकले, की मानेच्या स्नायूंना ते तासन्‌तास खेचून धरावे लागते. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्यांनी अशा नकळत ताठलेल्या स्नायूंचाच अभ्यास केला व १९२९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की 'सैल सोडा' असे सांगून स्नायू सैल होत नाही. ताठरपणा म्हणजे काय, हे आधी जाणवले पाहिजे.

त्यांच्या पद्धतीचे जे सोपे रूप आज शिकवितात, ते असे. उताणे पडावे किंवा पाठ टेकून बसावे. मूठ पाच-सात सेकंद आवळावी, मग एकदम सोडून द्यावी आणि अर्धा मिनिट त्या हाताकडे नुसते लक्ष द्यावे. नंतर खांदे कानांकडे उचलून सोडावेत. मग कपाळ, डोळे, जबडा, पोट, पाय. श्वास कोंडू नये. दुखरा भाग आवळू नये. पहिल्या आठवड्यात मला यातून फक्त झोप मिळाली, हे प्रांजळपणे सांगतो. जबडा मी दिवसभर आवळून धरतो, हे तिसऱ्या आठवड्यात कळले! आपल्याकडील हठयोगप्रदीपिकेत शवासन श्रमहारक म्हटले आहे, ते काही उगीच नव्हे.

डोळ्यांसाठी, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहावे. आमच्या घरासमोर फणस आहे. मी त्याची फळे मोजतो.

मात्र प्रत्येक डोकेदुखी अशी निरुपद्रवी नसते. क्षणार्धात उसळलेली असह्य कळ, तापासह ताठरलेली मान, बोलण्यातील अडखळ, हातापायातील बधिरपणा, डोक्याला मार बसल्यावर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर ना सुंठ, ना शवासन; तडक इस्पितळ गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना दाखवावी.

आता मी दहा उत्तरपत्रिका झाल्या की उठतो. काम अर्ध्या तासाने लांबते, एवढेच. गोळ्यांची डबी अजून कपाटात आहे. गेल्या महिन्यात ती दोनदा उघडावी लागली, आणि दोन्ही वेळा आईने विचारले, "सुंठ उगाळू का?"