कासवांच्या गावाचा धडा : वाडी आधी, पाहुणा नंतर

(किनारपट्टीतील बागायतदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



समुद्रकाठी घर आणि मागे नारळ-सुपारीची वाडी, असे आपणांपैकी अनेकांचे आहे. पर्यटक येऊ लागल्यापासून एक प्रश्न घरोघरी विचारला जातो. वाडी राखावी, की झाडे तोडून खोल्या बांधाव्यात? याचे उत्तर शोधताना मला वेळास गावाची आठवण होते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ हे छोटे गाव आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून त्याची ओळख आहे. शेजारी बाणकोटचा किल्ला, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. कौलारू घरे, घरामागे वाडी आणि घरातील कर्ती मुले मुंबईला, हे चित्र आपल्या परिचयाचेच आहे.

या गावाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालून ती वाळूने झाकते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्री व कोल्हे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे संरक्षणाचे काम सुरू केले. ग्रामस्थ व वन विभाग यांची त्यास साथ मिळाली. पहाटे किनारा फिरून घरटी शोधावयाची, अंडी अलगद उचलून भरतीच्या रेषेवर कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवावयाची, अशी ही पद्धत आहे. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले वर येतात व ती समुद्रात सोडतात. ती पाहण्यास लोक येऊ लागले, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरीच उतरू लागले. ज्या अंड्यांचे पूर्वी चार पैसे मिळत, ती राखल्याने अधिक मिळकत होते, हे गावाने अनुभवाने जाणले.

परंतु या धंद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पिल्ले कॅलेंडर पाहून बाहेर येत नाहीत. हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे वर्षातील काही आठवड्यांचा. २०२० साली मार्चअखेर टाळेबंदी आली आणि ऐन हंगामात पाहुणे थांबले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. एका वर्षात दोन्ही आधार गेले. पर्यटक बंदी उठताच परत आला. नारळाच्या उंच जातीला मात्र लागवडीपासून फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणूनच मी म्हणतो, जे लवकर परत येते त्यासाठी, जे उशिरा परत येते ते तोडू नये.

पाहुण्यांची सोय करू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, नवीन खोल्यांपूर्वी राहत्या घरातील पडवी, माजघर नीट करावे. शहरातील माणूस सावलीसाठी येतो. ती सावली झाडांची आहे.

दुसरी, विहिरीचे पाणी मोजावे. पाहुणे येतात ते पाणी खाली जाण्याच्या दिवसांत. वाडीचे शिंपण सांभाळून जेवढ्यांना पाणी पुरेल, तेवढेच पाहुणे घ्यावेत. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा.

तिसरी, माल घरातच विकावा. नारळात ७.५ मीटर अंतर असते. त्या मोकळ्या जागेत काळी मिरी, दालचिनी, जायफळ लावण्याची शिफारस दापोलीच्या कृषि विद्यापीठाने केली आहे. अशी मिश्र बाग पाहुण्यास हिंडून दाखवावी. लहान पुड्यांतील मसाला आणि कोकम सरबत त्याच्या पिशवीतून आपोआप जाते. पिल्ले दिसली नाहीत, तरी त्याचा दिवस फुकट जात नाही.

चौथी, किनाऱ्यावर दिवे, गाड्या व गोंगाट नको. प्रखर उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे, हेही विसरू नये.

पाचवी, पडलेली माडाची खोडे व ओंडके बागेत कुजू देऊ नयेत. त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांचे कोंब पोखरतो.

शेवटची गोष्ट घरातील पुरुषांसाठी आहे. पहाटे उठून दहा-पंधरा माणसांचा चहा, नाश्ता, जेवण करणारी घरातील बाईच असते. या मिळकतीचे खाते तिच्या नावाने उघडावे. कोणता पाहुणा घ्यावा आणि किती, हे तिला विचारून ठरवावे. तिचे अंग मोडले, तर हा जोडधंदा दोन हंगामही टिकणार नाही.

वेळासला पाहुणा वाळू पाहण्यास येत नाही. गावाने जे राखले, ते पाहण्यास येतो. आपल्या गावात राखण्याजोगे काय आहे, हे येथून घरी गेल्यावर आपापल्या वाडीत उभे राहून पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.