चाकांवरचे बिऱ्हाड आणि खारे तळे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या ओसरीत भजी तळत असते. यंदा कार्यवाहबाई म्हणाल्या, तुम्ही अमेरिकेस जाऊन आलात, चार शब्द बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा जे पाहिले ते आठवेल तसे सांगते. मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात नोकरीस आहे. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने मला तीन महिन्यांकरिता बोलावून घेतले. सप्टेंबरच्या आरंभी तिकडे जोडून सुटी येते. तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुला एका तळ्यावर नेतो. उतरायला घर बरोबरच नेऊ." मला वाटले, थट्टा करतो आहे. पण सकाळी दारात खरेच एक मोठी मोटार उभी होती, भाड्याने आणलेली. तिला ते लोक आर. व्ही. म्हणतात. आत दोन शेगड्या, लहानसे फ्रिज, भांडी घासायला मोरी, न्हाणी, संडास, आणि जेवणाचे टेबल खाली पाडले की त्याचाच बिछाना! मला तर आपली बंडी आठवली. लहानपणी वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेस आम्ही बंडीने जात असू. तट्ट्याखाली तांदूळ, डाळ, गंज, गोधड्या. रात्री बंडीच्या खालीच निजायचे. हे त्याचेच श्रीमंत भावंड म्हणायचे, बैलांना वैरण तेवढी घालायची नव्हती.

टायोगा नावाची खिंड सुमारे 9,900 फुटांवर आहे. तेथवर देवदारासारखी उंच झाडे. खिंड उतरलो आणि झाडे संपलीच. राखी रंगाची खुरटी झुडपे, कोरडे डोंगर आणि मध्ये आरशासारखे पाणी. ते मोनो तळे. जागा सुमारे 6,400 फूट उंच, पण वाळवंट. उन्हात चटका बसे आणि सूर्य मावळला की शाल लागे. अगदी काठावर मुक्काम करू देत नाहीत. आम्ही वरच्या अंगाला सरकारी वनजमिनीत गाडी लावली. शेजारी कोणी नाही, कुत्र्याचे भुंकणे नाही, दूरवर एक दिवा नाही. पहिल्या रात्री मला त्या शांततेने झोपच आली नाही. भावजय म्हणाली, "ताई, लोक मुद्दाम ही शांतता ऐकायला येतात." मी मनात म्हटले, पैसे देऊन!

आपल्यापैकी ज्यांनी बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहिले आहे, त्यांना हे तळे चटकन समजेल. लोणार उल्का पडून झाले, हे तसे नाही. पण पाणी त्याच जातीचे. ओढे आत येतात, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवून नेते आणि खार मागे राहतो. हात घातला तर पापडखार कालवल्यासारखे बुळबुळीत लागते. मार्क ट्वेन नावाच्या मोठ्या लेखकाने दीडशे वर्षांमागे लिहून ठेवले आहे की, येथे मळके कपडे नुसते बुचकळून पिळले तरी स्वच्छ होतात. समुद्राच्या अडीच-तीनपट खारट, म्हणून मासा एकही नाही. मात्र बारीक कोळंबीसारखे जीव आणि काठावर काळ्या माश्यांचे थरच्या थर. त्यांच्यावर पाखरे जगतात. शरदात पाणडुब्या लाखांनी उतरतात. आम्ही गेलो तेव्हा त्या येऊ लागल्या होत्या.

आता खरी गोष्ट. गाडीत चांगल्या पाण्याची टाकी होती दीडशे लिटरची, माणसे चार आणि मुक्काम तीन रात्रींचा. दुसऱ्या दिवशी भाचा त्या तळ्यात डुंबला. खारामुळे माणूस बुडत नाही, तरंगतो. त्यामुळे तो बाहेर यायलाच तयार नव्हता. अंगावर पांढरी खपली धरली म्हणून न्हाणीत गेला आणि कारंजे सोडून निवांत गाणी म्हणत बसला. संध्याकाळी भावजयीने नळ सोडला तर पंप नुसता घरघरला. टाकीत जेमतेम पाव भाग पाणी उरलेले. भाऊ चिडला, पोराला बोलला, पोर रडू लागले. भाऊ म्हणाला, "उद्या परतावे लागेल. एवढ्यात दोन दिवस कसे निघतील?"

मी म्हटले, "निघतील. मोरीला कोणी हात लावू नका." ताटे आधी कागदाने पुसून काढली. दोन पातेल्यांत तांब्या-तांब्या पाणी घेतले, एकात घासणे, दुसऱ्यात विसळणे. तांदूळ धुतलेल्या पाण्याने मूठभर भांडी निघाली. सकाळी तोंड धुवायला एकेकास फुलपात्र. मला ते पाणी झुडपांना घालावेसे वाटे, पण तिकडे सांडपाणी जमिनीवर टाकू देत नाहीत. ते दुसऱ्या टाकीत साठते आणि नेमल्या जागीच ओतायचे. असो. आम्ही निघालो तेव्हा टाकीत थोडे शिल्लकच होते.

भावजयीने त्या रात्री विचारले, "ताई, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी सहज म्हणून गेले, "2018 च्या उन्हाळ्यात. निळोना आटले, चापडोह आटले, तीन-तीन आठवडे आमच्या ओळीत नळ आला नाही." आपण सगळ्यांनीच ते भोगले आहे. रात्री दोन वाजता टँकरचा आवाज आला की गुंड, ड्रम घेऊन धावलो, नळीवरून शेजारणींशी भांडलोही. यातल्या काहीजणी इथेच बसल्या आहेत, हसू नका!

भाऊ बाहेर खुर्चीवर बसला होता, तो आत आला. म्हणाला, "मी दर रविवारी फोन करीत होतो. तू म्हणायचीस, सारे ठीक आहे." मला उत्तर सुचेना. परक्या मुलखात राहणाऱ्याला कशाला घोर लावायचा, एवढेच तेव्हा मनात होते. तो बराच वेळ बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला दक्षिण काठाला नेले. तेथे पाण्यात आणि वाळूत दगडाचे सुळके उभे आहेत, वारुळांसारखे, पुरुष-दीडपुरुष उंच. लोक फोटो काढत होते. भाच्याने वाचून सांगितले की, तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत, त्यांतला चुना खाऱ्या पाण्याला भेटला की दगड होतो. म्हणजे हे सुळके पाण्याखालीच घडतात. मी विचारले, "मग हे उघडे कसे?" वाटेवर पाट्या होत्या, अमुक साली पाणी येथवर होते. पाटीपासून पाण्यापर्यंत चालताना माझी चप्पल वाळूत रुतत होती आणि पाणी काही येईना.

झाले ते असे. लॉस एंजेलिस शहर तेथून पाचशे किलोमीटरवर. 1941 पासून त्या शहराने तळ्याला मिळणारे ओढे नळांत घेतले. 1982 पर्यंत तळे 45 फूट खाली गेले, खार दुप्पट झाला. पाखरांची अंडी घालायची बेटे किनाऱ्याला जोडली गेली आणि कोल्ह्यांना वाट झाली. 1976 साली काही विद्यार्थ्यांनी सारे मोजून मांडले, 1978 मध्ये तळ्यासाठी समिती निघाली, 1983 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि 1994 मध्ये हुकूम झाला की पाणी 6,392 फुटांच्या खुणेपर्यंत चढू द्यायचे. ती खूण अजून गाठलेली नाही.

भावजयीला त्या शहराचा फार राग आला. मला तसा येईना. निळोन्याचा भेगाळलेला तळ आपण बघायला गेलो होतो, तेव्हा कोणी म्हटले असते की दूरच्या एका तळ्याचे पाणी आणू, तर मी पाखरांचा विचार केला असता का? आपल्या शहराची तहान भागवायची म्हणून बेंबळा धरणाकडे पाहावे लागले. त्या धरणापायी गावे उठली आहेत. माझ्या मावशीचे शेतही अशाच एका बुडितात गेले. ती आमच्याकडे आली की नळाखाली हात धरते आणि म्हणते, "गोड आहे हो." मी चहाचे आधण ठेवायला आत जाते.

मी भाच्याला एवढे सांगितले की, तुझ्या न्हाणीतले पाणीही कुठल्या तरी ओढ्याचे होते. आठ वर्षांचे पोर, त्याने ते किती मनावर घेतले देव जाणे. पण परतल्यावर दात घासताना नळ बंद करू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले.

भाऊ अजून दर रविवारी फोन करतो. आता आधी विचारतो, "ताई, नळ कधी आला होता?" परवा विचारले तेव्हा मी म्हटले, सहा दिवस झाले. खरे तेच सांगितले.